जर्मनीत चार-पाच दिवस, गे जोडपं म्हणून मोकळेपणानं फिरायला कुठलं शहर?

मुठाकाठ
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, धागा मात्र पहिल्यांदाच काढतोय.

माझ्या जोडीदाराला ऑफिसच्या कामासाठी उन्हाळ्यात फ्रँकफर्टला जायचंय. ते आटोपलं की मी तिकडे पोचणार आणि पुढचे चार-पाच दिवस फक्त आमचे. मुक्काम एकाच शहरात करायचा, रोज बॅगा भरणं नको.

पुण्यात आम्ही एकत्र राहतो. सोसायटीत 'मित्र', त्याच्या घरी 'रूममेट'. रस्त्यानं चालताना दोघांत हातभर अंतर ठेवायची इतकी सवय झालीय की ते आपोआपच पडतं. जिथे हा हिशेब करावा लागणार नाही असं शहर हवंय. पहाटेपर्यंत नाचणं हा आमचा पिंड नाही. पायी भटकणं, संग्रहालयं, नदीकाठ, निवांत कॉफी, एखादी संध्याकाळ आपल्यासारख्या माणसांत, बस. तो शाकाहारी आहे, अंडं चालतं.

बर्लिन की कोलोन, यावर घरात रोज चर्चा होते. हॉटेलात डबल बेड मागितला तर भुवया उंचावतात का? व्हिसाच्या अर्जात एकमेकांचं नातं काय लिहायचं? प्राईडच्या आठवड्यात जावं की टाळावं?

ऱ्हाईनकाठची
डोळे झाकून कोलोन. इथेच राहते, त्यामुळे पक्षपात आहे आणि तो मान्य आहे.

फ्रँकफर्ट विमानतळावरून वेगवान गाडीनं तासाभरात कोलोनला पोचता. स्टेशनातून बाहेर पडलात की समोर थेट कॅथेड्रल उभं, १५७ मीटर उंच. पाय धड असतील तर ५३३ पायऱ्या चढून वर जा. शहर आटोपशीर आहे. गे वस्ती म्हणाल तर रुडॉल्फप्लाट्झजवळची शाफेनस्ट्रासे आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्या, तिथे तरुण गर्दी. जुन्या शहरात होयमार्क्टच्या बाजूला जरा पोक्त मंडळींचे बार, तुम्हाला तेच जास्त आवडतील. पण खरं सांगायचं तर इथे 'वस्ती' शोधत जावंच लागत नाही. साध्या बिअरच्या दुकानात दोन आजोबा एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बसलेले दिसतात, शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी साखरपुडा चाललेला असतो, आणि दोन्ही टेबलं एकमेकांना 'प्रोस्ट' म्हणतात.

इथली क्योल्श बिअर ०.२ लिटरच्या उभट ग्लासात येते. वाढणाऱ्याला क्योबेस म्हणतात. ग्लास रिकामा दिसला की न विचारता दुसरा ठेवतो आणि तुमच्या बिअरच्या चकतीवर पेन्सिलीनं एक रेघ ओढतो. थांबायचं असेल तर चकती ग्लासावर ठेवायची. बिलाच्या वेळी तो रेघा मोजतो. माझ्या मामांना हे कुणी सांगितलं नव्हतं, ते पाहुणचार समजून संपवत राहिले.

खडकी_लोकल
मामांना माझा दंडवत. आता कामाचं.

बर्लिन. जर्मनीत गे माणसांच्या जगण्याचा इतिहास बघायचा तर बर्लिनला पर्याय नाही, आणि धागाकर्त्यांनी संग्रहालयांचा उल्लेख केलाय म्हणून ठासून सांगतोय. मुक्काम श्योनेबेर्ग भागात करा, नोलेनडॉर्फप्लाट्झ स्टेशनच्या आसपास. मोट्झस्ट्रासे, फुगरस्ट्रासे हा सगळा पट्टा १९२० च्या दशकापासून समलिंगी लोकांचा. रात्री स्टेशनचा घुमट इंद्रधनुष्याच्या रंगांत उजळतो. त्याच स्टेशनच्या भिंतीवर गुलाबी त्रिकोणाची दगडी पाटी आहे, नाझींनी मारलेल्या समलिंगी लोकांच्या स्मरणार्थ, १९८९ सालची. छळछावणीत या माणसांच्या कपड्यांवर गुलाबी त्रिकोण शिवलेला असे. लोक पाटीशेजारून भाजीच्या पिशव्या घेऊन ये-जा करत असतात. तुम्ही मात्र थांबा.

मोट्झस्ट्रासेच्या एका कोपऱ्यावर एल्डोराडो नावाचा प्रसिद्ध क्लब होता. नाझी सत्तेवर येता येता तो बंद पडला. आज तिथे किराणा दुकान आहे, नाव तेवढं राखलंय.

बाकी लुट्झोवस्ट्रासेवरचं श्वूलेस म्युझियम, म्हणजे गे इतिहासाचं संग्रहालय, १९८५ पासूनचं. अर्धा दिवस काढा.

ऱ्हाईनकाठची
इतिहास आमच्याकडेही आहे हो. होहेनझोलर्न पुलाखाली, ऱ्हाईनच्या काठावर गुलाबी-करड्या ग्रॅनिटचं स्मारक आहे, १९९५ चं. पर्यटक वर पुलावर प्रेमाची कुलुपं लावण्यात दंग असतात, खाली फार कुणी उतरत नाही.

सरळमार्गी
एक प्रामाणिक शंका, राग मानू नये. तुमच्या कपाळावर काही लिहिलेलं नाही. जर्मनीत कुणी कुणाकडे बघतही नाही. मग 'गे-फ्रेंडली शहर' असं वेगळं शोधायची गरज काय? जे शहर चांगलं ते सगळ्यांना चांगलं.

निशिगंधा_म
@सरळमार्गी, राग नाही, पण उत्तर देते. तुम्ही वहिनींबरोबर हॉटेलात शिरता तेव्हा स्वागतकक्षावरच्या माणसाला काय सांगायचं याचा विचार करता का? बागेत त्यांनी तुमच्या खांद्यावर डोकं टेकलं तर आधी आजूबाजूला बघता का? मी आणि माझी जोडीदार हे दोन्ही करतो, रोज. म्हणून सुट्टीचे पैसे मोजताना आम्ही हे आधी विचारतो.

मुठाकाठ, मी बर्लिनच्या बाजूनं. कोलोन छान आहेच, पण बायकांसाठी बर्लिनमध्ये जास्त काही आहे. पोट्सडामर स्ट्रासेवर 'बेगीने' नावाचा फक्त बायकांचा कॅफे आहे. प्राईडच्या आदल्या संध्याकाळी बायकांचा वेगळा मोर्चा निघतो. बहुतेक प्रवास-लेखांत 'गे बर्लिन' म्हणजे पुरुषांचे बार एवढंच असतं, म्हणून मुद्दाम लिहितेय, हा धागा पुढे कुणी मुलगीही वाचेल.

टियरगार्टनमधलं स्मारक मात्र चुकवू नका. ज्यूंच्या मोठ्या स्मारकासमोर रस्ता ओलांडला की झाडीत एक करडा काँक्रीटचा ठोकळा दिसतो, जरासा तिरका. २००८ मध्ये उभारला. त्याला एक छोटी चौकोनी खिडकी आहे. आत बघायचं तर अगदी जवळ जाऊन डोळा लावावा लागतो, आणि आत दोन माणसं चुंबन घेतायत, एवढाच चित्रपट सतत चालू. सुरुवातीला फक्त दोन पुरुष होते, त्यावर वाद झाला, मग बायकांचाही आला. माझ्या आधी एक शाळकरी मुलांची रांग होती. पहिला मुलगा आत बघून हसला. त्यांच्या बाईंनी त्याला काही न बोलता पुन्हा रांगेत शेवटी उभं केलं, आणि दुसऱ्या खेपेला तो जास्त वेळ बघत राहिला.

सरळमार्गी
वहिनींचं उदाहरण पटलं. प्रश्न मागे घेतो. धागा वाचतोय.

शतपावली
अवांतर होतंय, पण राहवत नाही. बर्लिनला जाणारच असाल तर मागनुस हिर्शफेल्ड हे नाव बरोबर घेऊन जा.

पेशानं डॉक्टर. १८९७ मध्ये त्यांनी समलिंगी संबंधांवरचा फौजदारी कायदा रद्द व्हावा म्हणून समिती काढली, आणि १९१९ मध्ये टियरगार्टनजवळ लैंगिकशास्त्राची संस्था उघडली. तिथे दवाखाना होता, सल्लाकेंद्र होतं, प्रचंड ग्रंथालय होतं. १९३१ मध्ये जगप्रवासात ते हिंदुस्थानातही येऊन गेले. ६ मे १९३३ ला नाझी विद्यार्थ्यांनी संस्था लुटली, आणि चार दिवसांनी आजच्या बेबेलप्लाट्झवर जी पुस्तकांची होळी झाली तीत हे ग्रंथालयही गेलं. हिर्शफेल्ड तेव्हा परदेशात होते, परत कधी आलेच नाहीत. १९३५ मध्ये फ्रान्समध्ये, नीस इथे वारले.

बेबेलप्लाट्झवर आज फरसबंदीत एक काच बसवली आहे. खाली वाकून बघायचं: पांढरी, पूर्ण रिकामी फडताळं, सुमारे २०,००० पुस्तकं मावतील एवढी. संध्याकाळी जा, खालून दिवा असतो.

आता याला जुळणारं आपल्याकडचं. त्याच काळात मुंबईत र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' चालवत होते, १९२७ पासून १९५३ मध्ये जाईपर्यंत. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. वकील कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला, मासिक चालूच राहिलं. बर्लिनमधलं काम जळालं आणि मुंबईत एक माणूस पदरमोड करून अंक काढत राहिला, हे मला त्या काचेवर उभं असताना सारखं आठवत होतं.

खडकी_लोकल
शतपावली, _/\_ . भर घालतो. संस्थेची इमारत आज नाही. पण श्प्रे नदीच्या काठावर, चान्सलरच्या कार्यालयासमोर, इंद्रधनुष्याच्या रंगांतली सहा उंच कॅला लिलीची फुलं उभी आहेत. २०१७ मध्ये उभारलेलं, त्या पहिल्या चळवळीचं स्मारक. काठाचं नावही हिर्शफेल्डांचंच आहे.

बेळगावी_कुंदा
एवढं वाचून वाटतंय जर्मनी कायमच पुढारलेला. तसं नाही ना?

शतपावली
मुळीच नाही. समलिंगी संबंधांवरचा तो फौजदारी कायदा म्हणजे कलम १७५, १८७१ च्या दंडसंहितेतलं. १९३५ मध्ये नाझींनी ते आणखी कडक केलं. आणि युद्ध संपल्यावर पश्चिम जर्मनीनं नाझींनी कडक केलेलं तेच कलम १९६९ पर्यंत जसंच्या तसं वापरलं. म्हणजे छळछावणीतून वाचलेला माणूस त्याच कलमाखाली पुन्हा तुरुंगात जाऊ शकत होता. पूर्ण रद्द झालं १९९४ मध्ये. विवाहाचा हक्क १ ऑक्टोबर २०१७ पासून. आपलं ३७७ सप्टेंबर २०१८ मध्ये गेलं, हे ध्यानात घेतलं तर फार दूर नव्हते ते आपल्यापासून.

निशिगंधा_म
विवाहाच्या बाबतीत दूर आहेत. :(

म्युनिकचा_मन्या
कुणीच म्युनिक म्हणत नाही म्हणजे काय! ग्लॉकनबाख भाग, गेर्टनरप्लाट्झ, म्युलरस्ट्रासे. फ्रेडी मर्क्युरी काही वर्षं इथे राहिला. इसार नदीच्या काठी उन्हात लोळायचं. ऑक्टोबरफेस्टच्या पहिल्या रविवारी एका अख्ख्या तंबूत गे मंडळी चामडी अर्धी विजार घालून जमतात, ब्रॉयरोझल नावाचा तंबू. आणि मुंबईहून थेट विमान.

ऱ्हाईनकाठची
आणि हॉटेलाचं भाडं?

म्युनिकचा_मन्या
… ते नंतर बोलू.

आईसाहेब_मिरज
मी इथे फक्त पाककृतींच्या धाग्यांवर असते. हा धागा सुनेनं दाखवला. सून म्हणजे माझ्या मुलाचा नवरा, आम्ही घरात गमतीनं तसंच म्हणतो आणि त्यालाही ते आवडतं. दोघं स्टुटगार्टला असतात. २०१९ मध्ये तिथल्या नगरपालिकेत लग्न लागलं. मी नऊवारी नेसून गेले होते. नोंदणी करणाऱ्या बाईंनी आधी मला खुर्ची दिली, मग काम सुरू केलं.

मुठाकाठ, बाळ, तुझा प्रश्न शहराचा आहे आणि मला शहरं फार माहीत नाहीत. मुलानं मला कोलोनही दाखवलं आणि बर्लिनही. कोलोनला माणसं आपणहून बोलतात. आमच्या तिघांची भाषा कळेना तरी एका म्हातारीनं बाकावर सरकून जागा दिली आणि बटाट्याचं थालीपीठ कसं खायचं ते दाखवलं, सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर. बर्लिनला कुणी बोलत नाही, पण कुणी बघतही नाही. तुम्हा दोघांना कशानं बरं वाटेल, ते तुम्हीच ठरवा.

थालीपीठ शाकाहारी असतं. तरी सूपमध्ये मांसाचं पाणी असतं, प्रत्येक वेळी विचारावं.

मुठाकाठ
आईसाहेब, तुमचा प्रतिसाद त्याला मोठ्यानं वाचून दाखवला. पुढे वाचता आलं नाही, त्यानं मोबाईल घेऊन उरलेलं स्वतः वाचलं.

गोंयकार_बाब
खाण्यावरून आठवलं. जूनच्या २४ तारखेच्या आत असाल तर पांढरा श्पार्गल (ॲस्परॅगस) खा, त्यानंतर हंगाम संपतो. लोणी आणि उकडलेले बटाटे एवढंच मागा, नाहीतर हॅम येतं. कोलोनला हाल्वे हान: राईचा पाव, जाड चीज, कांदा, मोहरी. बर्लिनला चिंताच नको, दर कोपऱ्यावर फलाफल.

कागदीघोडा
व्हिसाचं कुणी बोललंच नाही, म्हणून सविस्तर.

प्रत्येकाचा अर्ज वेगळा. वैवाहिक स्थितीत दोघांनीही 'अविवाहित' लिहायचं. आपल्याकडे समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता नाही, १७ ऑक्टोबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरही तीच स्थिती आहे. त्यामुळे यात खोटं काहीच नाही. एकत्र प्रवास करतोय हे पत्रात एका वाक्यात लिहा, हॉटेलचं आरक्षण दोघांच्या नावे चालतं. नातं उलगडून सांगायची सक्ती नाही, लपवायचीही गरज नाही. आम्ही 'जोडीदार' लिहिलं होतं, खिडकीवरच्या मुलीनं फक्त विम्याचा कागद मागितला. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. फी ९० युरो. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो. निकाल एरवी १५ दिवसांत येतो, पण उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणंच अवघड, ती आजच बघा. त्याचा अर्ज कामासाठीचा असणार, तर पुढचे सुट्टीचे दिवसही त्यातच दाखवा, तारखा जुळायला हव्यात.

निशिगंधा_म
डबल बेडचं मी सांगते. भुवया उंचावत नाहीत. पण जर्मन डबल बेड म्हणजे बऱ्याचदा एका चौकटीत दोन गाद्या, मध्ये फट, आणि दोन वेगळ्या दुलया, चॉकलेटसकट नीट घडी घालून ठेवलेल्या. आम्हाला वाटलं आमच्यासाठी मुद्दाम केलंय. शेजारच्या खोलीतल्या जर्मन नवराबायकोंचं उघडं दार दिसलं तेव्हा खात्री पटली, तिथेही तेच.

म्युनिकचा_मन्या
दोन दुलया हीच जर्मन संसाराची गुरुकिल्ली. रात्री कुणी कुणाची ओढत नाही.

आईसाहेब_मिरज
हे अगदी खरं आहे.

रात्रपाळी
सगळं गोड चाललंय म्हणून थोडं कडूही. मी बर्लिनमध्ये नोकरी करतो, गे आहे, रात्री उशिरा ये-जा असते. दिवसा श्योनेबेर्गमध्ये हात धरून चाला, अगदी निर्धास्त. रात्री उशिरा काही भुयारी स्थानकांवर, विशेषतः दारू प्यायलेले घोळके दिसले, की मी आणि माझा मित्र हात सोडतो. शिवीगाळ होते, क्वचित मारहाणही. काही झालं तर ११० फिरवा. बर्लिन पोलिसांत समलिंगी लोकांसाठी नेमलेले खास संपर्क अधिकारी आहेत, आणि श्योनेबेर्गमध्ये 'मानेओ' ही हिंसाचारग्रस्त गे पुरुषांना मदत करणारी संस्था आहे. तक्रार करायला कचरू नका, तुम्ही पर्यटक असलात तरी.

आणि पूर्वेच्या छोट्या गावांत चित्र वेगळं आहे. २०२४ मध्ये बाउट्झनच्या प्राईडवर शेकडो नवनाझी चालून आले होते, पोलिसांना मध्ये उभं राहावं लागलं. त्या गावच्या मुलांनी तरीही मोर्चा काढला. म्हणून कुणी 'जर्मनीत काय, सगळं मोकळंच' म्हटलं की मला त्या पोरांची आठवण येते.

आपला रंगही तिथे दिसतो, हेही सांगायला हवं. काही गे बारमध्ये आपल्याकडे पाहणारी नजर कुतूहलाची असते, काहींत नकोशी. क्रॉइट्झबेर्गमध्ये ओरानियनस्ट्रासेवर एसओ-३६ नावाच्या जागी 'गेहाने' ही मैफल भरते, तुर्की-अरबी गाणी आणि गे मंडळी. तिथे मला पहिल्यांदा वाटलं की दोन्ही गोष्टी एकाच वेळी असता येतात. नाच आवडत नसला तरी तासभर डोकावा, तारीख जुळली तर.

बेळगावी_कुंदा
रात्रपाळी, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. असे प्रतिसाद जास्त कामाचे.

हॅम्बर्गकर
मी उशिरा आलो. हॅम्बर्गचा सांक्ट गेओर्ग भाग, त्यातला लांगे रायह रस्ता, मुख्य स्टेशनच्या अगदी पाठीमागे. प्राईड ऑगस्टच्या सुरुवातीला. पाऊस मात्र कोकणासारखा, कधीही. एवढंच सांगून बसतो, निवडणूक दोघांतच दिसतेय.

मुठाकाठ
प्राईडचं कुणी सांगेल का? जावं की नको?

ऱ्हाईनकाठची
कोलोनची बहुधा जुलैच्या पहिल्या शनिवार-रविवारी, रविवारी मिरवणूक. अख्खं शहर रस्त्यावर, आजीआजोबा खिडकीत खुर्च्या टाकून. सुंदर असतं, पण शांतपणे कॉफी प्यायची असेल तर तो आठवडा नव्हे. हॉटेलंही महाग.

खडकी_लोकल
बर्लिनची जुलैच्या अखेरीस शनिवारी. त्याच्या आदल्या आठवड्यात नोलेनडॉर्फप्लाट्झच्या गल्ल्यांत रस्ताजत्रा असते. पहिल्यांदाच जाणाऱ्या शांत जोडप्याला मी जत्राच सुचवेन. मिरवणुकीसारखी रेटारेटी नाही, पण लहान मुलांना कडेवर घेतलेले दोन-दोन बाबा हमखास भेटतात.

मुठाकाठ
ठरलं. काल रात्री दोघांनी सगळा धागा पहिल्यापासून वाचून काढला. मला कोलोन हवं होतं, त्याला बर्लिन. त्याचं म्हणणं, ऑफिसात नाव, घरात नाव, सगळीकडे सांभाळून बोलणं. निदान एकदा अशा गावी जाऊ जिथे आपल्यासारख्यांचं सगळं नीट लिहून ठेवलंय, वाईटासकट. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बर्लिन, श्योनेबेर्गमध्ये खोली, रस्ताजत्रेचा आठवडा. ऑफिसला तारखा जुलैत ढकलायला सांगितल्यात, होतील असं दिसतंय.

आईसाहेब, त्यानं त्याच्या ताईला सांगितलंय की आम्ही दोघं जातोय. 'दोघं' एवढंच. ती म्हणाली फोटो पाठवा.

ऱ्हाईनकाठची, क्षमस्व!

ऱ्हाईनकाठची
क्षमा नाही. पुढच्या वर्षी या, घरी उतरा, बिअरची चकती मी ठेवीन.

आईसाहेब_मिरज
ताईला फोटो नक्की पाठव. दोघांचा पाठव, नुसत्या इमारतींचे नको.

मुठाकाठ
पाठवतो. शेवटचा बावळट प्रश्न: परतीचं विमान बर्लिनहूनच घेतोय. शहरातल्या गाड्यांचं रोजचं तिकीट कुठल्या भागांचं काढू, ए-बी की ए-बी-सी?

रात्रपाळी
शहरात ए-बी पुरे, २४ तासांचं काढा. विमानतळ सी भागात आहे, त्यामुळे त्या दिवशी ए-बी-सी. कागदी तिकीट घेतलंत तर फलाटावरच्या छोट्या यंत्रात शिक्का मारायचा. गाडीत तपासनीस साध्या कपड्यांतही असतात आणि 'माहीत नव्हतं' ऐकून घेत नाहीत.